सिंगल बेल

१

मी दातांच्या कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी मेणात दात बसवतो, हिरड्यांना रंग देतो आणि घासूनपुसून डबीत घालून परत पाठवतो. माझं काम कितीतरी लोकांच्या तोंडात आहे, पण तोंडाने माझं नाव घेणारा त्यांत एकही नाही. पूर्वी मला याचं काही वाटत नसे. पन्नाशी उलटली आणि वाटायला लागलं. त्याच सुमारास मी बस बनवायला घेतली.

बस छोटी, एकास वीस या प्रमाणातली. जेवणाच्या टेबलावर आरामात मावेल, पण आत सगळं खऱ्यासारखं. दुमजली. मागे वर जाणारा गोल जिना, वरच्या मजल्यावर छोटासा सज्जा, प्रत्येक खिडकीला पडदा, प्रत्येक सीटच्या डोक्यावर वाचायला दिवा, आणि खाली दाराशी हात धुवायला बेसिन. अशी बस कुठल्या रस्त्यावर धावली नाही आणि धावणारही नाही. आम्हा मॉडेलवेड्यांचं एक मंडळ आहे. त्याच्या वार्षिक प्रदर्शनात 'कल्पनेतली वाहनं' असा एक वर्ग असतो. तिथे मला ती मांडायची होती.

आमची लॅब सकाळी लवकर उघडते, त्यामुळे दुपारी मी मोकळा असतो. घरी यायचं, चहा करायचा, खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं आणि बायको ऑफिसातून येईपर्यंत मान वर करायची नाही, असा माझा परिपाठ झाला होता. ती खिडकीची खोली आधी आईची होती. नाजूक कामाला उजेड लागतो म्हणून मी आईला आतल्या खोलीत हलवलं. "ती तर झोपूनच असते, तिला उजेडाचं काय करायचंय," असं मी बायकोला म्हणालो होतो. बायकोने काही न बोलता आईच्या उशा उचलल्या. ती असं न बोलता काही करते तेव्हा मला जास्त लागतं.

२

माझी आई बसची कंडक्टर होती. उभ्याने नोकरी केली आणि उभ्याने म्हातारी झाली, असं ती स्वतःच म्हणायची. मग एक दिवस बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला, आणि तेव्हापासून पलंगावर. नजर अधू झाली होती. डोकं मात्र अगदी साफ होतं.

तिच्या उशाशी आम्ही एक पितळी घंटी ठेवली होती. आईने पहिल्याच दिवशी घंटीला बसमधलेच नियम लावून दिले. सिंगल बेल म्हणजे थांब, हातातलं काम टाक आणि इकडे ये. डबल बेल म्हणजे माझं झालं, चल, जा आता. ड्युटीवर असल्यासारखी ती ते पाळायची. पाणी प्यायली, कूस बदलून झाली की दोनदा वाजवायची आणि मी निघायचो. सुरुवातीला आम्हाला दोघांना त्याची मजा वाटायची.

पुढे पुढे मजा गेली. मी चिमट्यात एखादा दिवा धरून श्वास रोखून बसलेला असायचो आणि आतून सिंगल बेल यायची. "आलो," मी म्हणायचो आणि उठायचो नाही. दुसऱ्यांदा यायची. "आलो गं." तिसऱ्यांदा आली की गेल्याशिवाय गत्यंतर नसे. गेलो की काम काय, तर उशी वर सरकव. आज वार कोणता. बाहेर ऊन आहे का. आणि शेवटी हमखास, बस कुठवर आली.

हे ती विचारायची कारण बस तिची होती. मी लहान असताना ती ड्युटीवरून आली की गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायची. पावलं टम्म सुजलेली असायची. मी समोर बसायचो आणि ती मला तिच्या बसची गोष्ट सांगायची. गोल जिना, सज्जा, पडदे, दिवे, बेसिन, सगळं तिने बादलीत पाय बुडवून रचलेलं होतं. आणि गोष्टीचा शेवट नेहमी एकच. त्या बसमध्ये दाराशी कंडक्टरला बसायला एक सीट होती. मखमली, फक्त तिची.

प्रदर्शनाच्या अर्जात मात्र 'संकल्पना' या शब्दापुढे मी 'स्वतःची' असं लिहिलं. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही.

"माझी सीट केलीस ना रे?" एकदा तिने विचारलं.

"केली की," मी म्हणालो.

केली नव्हती. गोल जिन्याचं वळण दाराजवळ येत होतं आणि सीट घातली असती तर जिना आखूड करावा लागला असता. जिना हीच तर माझ्या कामाची शान होती. तेव्हा सीट गेली.

३

मॉडेल बनवणाऱ्यांची नजर बिघडते, हे आमच्यात सगळे हसत हसत मान्य करतात. कुठलीही वस्तू आम्हाला ती वस्तू म्हणून दिसतच नाही. पेनाचं टोपण दिसलं की तो हेडलाइट असतो. बायकोच्या ब्लाउजचे हुक म्हणजे पडद्यांच्या कड्या. कंडक्टरने ओढायची दोरी मी दातांत फिरवायच्या मेणाच्या धाग्याची केली होती आणि त्यावर मी खूश होतो. आता त्या दोरीच्या टोकाला, दाराच्या वर, एक घंटी हवी होती. मी मणी लावून पाहिले, छर्रे लावून पाहिले. रंग दिलेलं पितळ खोटंच दिसतं.

एका दुपारी सिंगल बेल वाजली म्हणून मी आत गेलो. आईला खिडकी उघडी आहे का, एवढंच विचारायचं होतं. त्या खोलीला खिडकीच नव्हती. मी तसं सांगितलं, ती "हो, खरंच की," म्हणाली, आणि मी घंटी सरळ करून ठेवायला उचलली. आत लोलक हलत होता. मिरीच्या दाण्याएवढी पितळी गोळी, वर्षानुवर्षं घासून चकचकीत झालेली. माप अगदी नेमकं.

मी घंटी खिशात घालून टेबलाशी आलो आणि पकडीने गोळी काढली. फक्त बसवून बघू, असं स्वतःला सांगितलं. बसवली तर इतकी सुरेख दिसली की मी तिच्यावर हिरड्यांच्या गुलाबी रेझिनचा थेंब सोडला आणि दिव्याखाली कडक केला. मग बसचं छत बसवलं आणि चारी बाजूंनी चिकटवून टाकलं. रिकामी घंटी परत उशाशी ठेवली. दुसरी गोळी आणून लावायची, एवढा विचार मी नक्की केला होता.

लावली नाही. का, ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. घरात फार छान शांतता झाली होती.

दाराच्या फटीतून मी तिला पाहिलं. तिने घंटी उचलली, हलवली, थांबली, कानाजवळ नेऊन पुन्हा हलवली. मी बराच वेळ जाऊ दिला आणि सहज आल्यासारखा आत गेलो.

"ही वाजत नाहीये रे," ती म्हणाली.

"वाजते की. ऐकूनच तर आलो," मी म्हणालो. "आई, तुझे कान गेलेत का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू ओशाळा झाला. चूक तिची असल्यासारखा.

"सूनबाईला सांगू नकोस," ती म्हणाली. "आधीच तिला माझं किती करावं लागतं."

४

त्यानंतर दोनतीन दिवसांनी, भर दुपारी, मी सज्ज्याचे कठडे रंगवत असताना अगदी जवळून आवाज आला. टिंग. बारीक, पण स्वच्छ.

मी ब्रश खाली ठेवला. समोर बसशिवाय काही नव्हतं. दाराच्या काचेतून आत डोकावलो. गोळी गुलाबी थेंबात घट्ट बसलेली होती, ती हातोडीनेही हलली नसती. पण तिच्या खालचा धागा थोडासा हलत होता.

रस्त्यावरून ट्रक गेला असेल. टेबल हलकं आहे, फरशी पोकळ आहे, काच कंप पावली असेल. मी धागा थांबेपर्यंत बघत बसलो. थांबला. पुन्हा ब्रश घेतला. टिंग. या वेळी रस्ता रिकामा होता, मी बघितलं.

संध्याकाळी बायको आली आणि थेट आत गेली. मग चादर घेऊन बाहेर आली. चादर ओली होती. "त्यांनी घंटी वाजवली नाही का?" तिने विचारलं. मी म्हणालो, मला तर ऐकू आली नाही. हे वाक्य खरं होतं की खोटं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी खात्री करायचं ठरवलं. आईच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, आई, घंटी वाजव बघू. तिला वाटलं मी थट्टा करतोय. तिने हात वर केला आणि एकदा हलवला. तिच्या हातातली घंटी मुकी होती. माझ्या पाठीमागे, बाहेरच्या खोलीत, टेबलावर, टिंग वाजलं.

"मला नाही आली ऐकू," ती म्हणाली. "तुला आली?"

"आली," मी म्हणालो. आता ते खरं होतं.

५

माझ्यासारख्याला अशा वेळी देव आठवत नाही, कारणं आठवतात. पितळ उन्हाने प्रसरण पावतं. रेझिन पूर्ण कडक व्हायला वेळ लागतो, त्यात ताण राहतो. कान वयानुसार वाजतात. माझ्याजवळ कारणांचा तुटवडा कधीच पडला नाही. पण ते टिंग आलं की मी आत जाऊन बघायचो, आणि दर वेळी आईच्या हातात घंटी असायची.

बघायचो म्हणजे कधी कधी बघायचो. कठडा अर्धा रंगवून झालेला असला की नाही बघायचो.

मग बसच्या दाराजवळची खिडकी धूसर व्हायला लागली. आमच्या धंद्यात ही नवशिक्यांची चूक समजतात. सुपरग्लू जास्त झाला की त्याच्या वाफेने काच पांढरी पडते आणि मग काही केल्या निघत नाही. मी स्वतःवर चिडलो. कापूस भिजवून बाहेरून पुसलं, गेलं नाही. धूसरपणा आतून होता. भिंग लावलं. आणि मी बघत असताना तो डाग आकसत आकसत गेला आणि काच लख्ख झाली. क्षणभराने पुन्हा धूसर. पुन्हा लख्ख. माणूस काचेला तोंड लावून उभा राहिला की होतं तसं. मी माझा श्वास रोखून धरला. माझ्या श्वासाशी त्याचा काही संबंध नव्हता.

मी भिंग ठेवलं आणि टेबलावर कापड टाकलं. आत आईला झोप लागली असावी, असं वाटलं होतं. ती जागी होती.

"पाय फार दुखतात रे," ती म्हणाली. "उभं राहून राहून."

"तू झोपली आहेस, आई."

"हो ना," ती म्हणाली, माझी समजूत काढत असल्यासारखी. "तरी पण. तिथे टेकायलासुद्धा काही नाही."

कुठे, असं मी विचारलं नाही. तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. पावलं गरम होती आणि किंचित सुजलेली. पडून पडून सूज येते, असं डॉक्टर म्हणालेच होते. घंटी वाजली नाही तरी मी तिच्याजवळ थोडा वेळ बसलो. तिने मला बस दाखव म्हणून पुन्हा सांगितलं. उचलून आणली तर सज्जा मोडेल, प्रदर्शन झाल्यावर सावकाश दाखवतो, असं मी म्हणालो.

खरं तर उपाय सोपा होता. छत कापायचं, गोळी खरवडून काढायची, घंटीत परत घालायची. एका दुपारचं काम. पण छत कापलं की बस प्रदर्शनाला गेली नसती. प्रदर्शन तोंडावर आलं होतं. उरकलं की पहिलं काम ते, असं मी ठरवलं, आणि ठरवल्यावर मला जरा बरंसुद्धा वाटलं. या बरं वाटण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

६

प्रदर्शन रविवारी सकाळी होतं. बायकोला यायचं होतं. लग्नानंतर माझ्या कुठल्या कामाचं कौतुक होताना तिने कधी पाहिलेलंच नव्हतं. समोरच्या काकू म्हणाल्या, तुम्ही दोघं जा, मी विणकाम घेऊन तुमच्या बाहेरच्या खोलीत बसते.

"सारखं डोकावून त्यांची झोप नाही मोडायची मी," काकू म्हणाल्या. "घंटी वाजली की जाईन आत."

मी बस दोन्ही हातांवर धरून दारात उभा होतो. तोंड उघडलं. काकू, ती घंटी वाजत नाही. एवढं एकच वाक्य होतं. पण मग बायको विचारणार, का वाजत नाही, कधीपासून, आणि आतली गोळी कुठे आहे. गोळी तर माझ्या हातांवरच होती.

"अधूनमधून बघा हं जरा," मी म्हणालो.

"अहो, कान शाबूत आहेत माझे," काकू म्हणाल्या आणि बायको हसली. मीही हसलो.

जाताना आईला सांगायला आत गेलो. बायकोने तिला फिकट निळा गाऊन घातला होता, केस विंचरले होते. काकू बाहेर आहेत, काही लागलं तर वाजव, असं मी तिला सांगितलं. तोंड वर करून सांगितलं. "आज बस निघाली वाटतं," ती म्हणाली आणि माझ्या मनगटावर थोपटलं.

हॉल घरापासून जवळच होता. लांबलचक टेबलं, पांढरी कापडं, प्रत्येक मॉडेलपुढे नाव आणि अर्जातली 'संकल्पना' लिहिलेलं कार्ड. आमच्या मंडळात एक जुने सभासद आहेत, त्यांना सगळे मिलिमीटर म्हणतात, कारण त्यांच्या खिशात मोजपट्टी आणि टॉर्च कायम असतात आणि चूक काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. ते माझ्या बसपुढे बराच वेळ वाकून होते. मी तयारीत उभा राहिलो.

"जिना अप्रतिम," ते म्हणाले. "पण खरी करामत म्हणजे ती बाई."

"कोण बाई?"

"कंडक्टर. तुम्ही तर म्हणायचात, मी माणसं बनवत नाही, मेणाची माणसं खोटी दिसतात. ही खोटी नाही दिसत." त्यांनी टॉर्च विझवला. "फक्त एक सुचवतो. तिला टेकायला काहीतरी द्यायचं होतं. फार अवघडून उभी आहे हो."

मी माणसं बनवत नाही. त्या बसमध्ये मी एकही माणूस ठेवला नव्हता.

मी वाकलो. दाराजवळची खिडकी धूसर होती. ती हळूहळू निवळली तशी आत कठड्याची सावली दिसली, जिन्याचं वळण दिसलं, आणि त्याला खेटून काहीतरी फिकट निळं. वर गेलेला एक बारीक हात. बोटं धाग्याला लटकलेली. चेहरा काचेकडे वळायला लागला आणि काच पुन्हा धूसर झाली.

टिंग.

"वा, आवाजसुद्धा," माझ्या मागून कोणीतरी म्हणालं. लोक जमले. टिंग. एका बाईंनी विचारलं, हे कसं केलं. सगळे माझ्याकडे बघत होते. इतक्या लोकांनी माझ्याकडे याआधी कधी बघितलं नव्हतं.

"आत एक छोटीशी युक्ती आहे," मी म्हणालो.

टिंग. मग थोडं थांबून टिंग. प्रत्येक वेळी एकच. तिच्या बसमधला, मला लहानपणापासून पाठ असलेला इशारा. थांब. थांब. थांब.

तेवढ्यात माइकवर माझं नाव पुकारलं गेलं. बायकोने मला पुढे ढकललं. तिचे डोळे भरून आले होते. मी स्टेजवर गेलो. अध्यक्षांनी हात मिळवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ही विलक्षण कल्पना मुळात कोणाची? हॉल शांत झाला. त्या शांततेत टेबलावरून येणारं टिंग मला स्पष्ट ऐकू येत होतं. आता ते घाईने येत होतं, पण अजून एकेकटंच.

"माझी," मी म्हणालो. "पूर्णपणे माझी."

टाळ्या वाजल्या. माझ्या हातात चषक आला. आणि टाळ्या ओसरता ओसरता बस दोनदा वाजली. टिंग टिंग. मग काही नाही.

७

मी चषक तिथेच ठेवला आणि पळत सुटलो. बायको मागून हाका मारत होती.

काकू खुर्चीत विणत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू," त्या कुजबुजल्या. "एकदाही वाजवली नाही हो त्यांनी. कान देऊन बसले होते मी. अगदी शांत झोपल्यात."

आई झोपलेली नव्हती. ती पलंगाच्या कडेला आली होती, पांघरूण खाली पडलं होतं. खुबा मोडल्यापासून तिला स्वतःहून बसताही येत नव्हतं, पण तिचे पाय पलंगाबाहेर होते आणि दोन्ही तळवे फरशीला टेकलेले होते. उजवा हात पलंगाच्या कठड्यावर अडकून वर राहिला होता. त्यात घंटी होती. मी वाकून तिचे पाय हातांत घेतले. टम्म सुजले होते, ड्युटीवरून आल्यावर सुजायचे तसे.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि रडायला लागल्या. मला कशी ऐकू आली नाही, मला कशी ऐकू आली नाही, एवढंच त्या म्हणत राहिल्या. बायकोने त्यांना जवळ घेतलं. तुमची काही चूक नाही, काकू, असं ती म्हणाली. मी आईच्या बोटांतून घंटी सोडवली आणि खिशात घातली. तेव्हासुद्धा मी बोललो नाही. काकू अजून रस्त्यात भेटल्या की आपल्या कानाला हात लावतात आणि मान खाली घालतात. मीही घालतो.

८

मंडळाच्या लोकांनी बस घरी आणून पोचवली, चषक आणि कार्डासकट. बायकोनेच सगळं बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवलं. भेटायला येणारे लोक आधी आईबद्दल बोलायचे, मग त्यांची नजर कपाटाकडे जायची. किती बारीक काम आहे, म्हणायचे. आईंनी पाहिलं असेल ना, म्हणायचे. मी मान हलवायचो.

येणारेजाणारे संपल्यावर एका दुपारी मी बस टेबलावर घेतली आणि छत कापलं. आत कोणी नव्हतं. कोणी असेल अशी मी अपेक्षाही केली नव्हती. गुलाबी थेंब खरवडून गोळी काढली. मग दाराजवळची जमीन दिसली. ती मी पट्ट्यापट्ट्यांची केली होती आणि वर वॉर्निशचे हात दिले होते. जिन्याच्या वळणाशी, जिथे सीट असायला हवी होती, तिथलं वॉर्निश दोन ठिकाणी झिजून खालचं लाकूड उघडं पडलं होतं. डाग शेजारी शेजारी होते, तांदळाच्या दोन दाण्यांएवढे. एका जागी खूप वेळ उभं राहिल्याशिवाय जमीन अशी झिजत नाही.

मी जिना कापला. माझी शान होता तो, पण कापताना काही वाटलं नाही. तिथे सीट बसवली, मखमली, तांबडी. छत परत चिकटवलं नाही, नुसतं वर ठेवून बस कपाटात परत ठेवली. कार्डावरचं 'स्वतःची' खोडलं आणि वर आईचं नाव लिहिलं. कपाटात ठेवलेलं कार्ड कोण वाचतो म्हणा.

मग घंटी घेतली. गोळी तिच्या जागी अडकवली, पकडीने कडी दाबली आणि आईच्या खोलीत जाऊन तिच्या पलंगावर बसलो. एकदा हलवली.

काहीच आवाज आला नाही. गोळी आत नीट आपटत होती, ते दिसत होतं, हाताला जाणवत होतं. रेझिनचा कण राहिला असेल म्हणून नखाने तपासलं. कानाशी धरून पुन्हा हलवली. पुन्हा.

"आले, आले," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. ती हात पुसत दारात आली. "किती वेळा वाजवताय? काय हवंय?"

"वाजली?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली.

"वाजते की. ऐकूनच तर आले," ती म्हणाली. "अहो, तुमचे कान गेलेत का?"

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं असेल ते मला ठाऊक आहे, कारण तो चेहरा मी एकदा पाहिला आहे. काही नको, असं मी म्हणालो. ती स्वयंपाकघरात परत गेली.

घंटी माझ्या मांडीवर होती. तिच्यात गोळी होती आणि मी ती बोटांनी धरून ठेवली होती. तेव्हा बाहेरच्या खोलीतून, कपाटातून, जिथे आता वाजण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, टिंग आलं. एकदाच.

"आलो," मी म्हणालो, आणि या वेळी उठलो.